५४० वॉटचे पॅनेल ४३० वॉटच का देते?

एप्रिलमधली भर दुपार. वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या शेडचे पत्रे तापून निघालेले असतात. बजाजनगर, जोगेश्वरी, रांजणगाव शेणपुंजीच्या गच्च्यांवर सौर पॅनेल चकाकत असतात आणि आकाशात ढगाचा मागमूस नसतो. अशा वेळी ज्याने कर्ज काढून घरावर सहा पॅनेल बसवली, तो मोठ्या आशेने मोबाइलमधले अ‍ॅप उघडतो. कागदोपत्री यंत्रणा ३.२४ किलोवॉटची असते. अ‍ॅपवर आकडा दिसतो २.४ किलोवॉटचा. मग पहिला फोन बसवून देणाऱ्याला जातो आणि पहिली शंका येते ती फसवणुकीची.

शंका येणे साहजिक आहे. ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यातून ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला केंद्राकडून ७८ हजार रुपये अनुदान मिळते. उरलेला खर्च घरातला किंवा बँकेच्या कर्जाचा. त्या कर्जाचा हप्ता फिटायचा तो वाचलेल्या युनिटांवर. त्यामुळे ‘आपली पॅनेल या क्षणी जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात?’ हा प्रश्न फक्त अभियंत्यांचा राहिलेला नाही. उत्तर ठाऊक असेल तर २.४ किलोवॉट पाहून निश्चिंत राहता येते आणि आकडा १.८ वर आला तर वेळीच कान टवकारता येतात.

पाठीवरचा आकडा कुठला?

पॅनेलच्या पाठीवरच्या पट्टीवर ‘५४० वॉट’ लिहिलेले असते. हा आकडा कारखान्यात ठरावीक परिस्थितीत मोजलेला असतो. प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॉट इतका प्रकाश आणि पॅनेलमधल्या सिलिकॉनचे तापमान २५ अंश सेल्सिअस. जगभर हीच प्रमाण परिस्थिती धरतात, कारण त्यामुळे एका कंपनीच्या पॅनेलची दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलशी तुलना करता येते.

अडचण अशी की मराठवाड्यात या दोन गोष्टी एकत्र येणे जवळजवळ अशक्य आहे. ऊन हजार वॉटच्या जवळ पोहोचते तेव्हा पॅनेल २५ अंशांवर राहत नाही. आणि पॅनेल २५ अंशांवर असते तेव्हा नुकते उजाडलेले असते.

सिलिकॉनला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. तापमान वाढले की त्याच्या आतली विजेची उलटी गळती वाढते आणि पॅनेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरते. करंट किंचित वाढतो, पण त्याने नुकसान भरून निघत नाही. आज सर्रास मिळणाऱ्या सिलिकॉन पॅनेलची ताकद दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. आणि पॅनेल भोवतालच्या हवेपेक्षा बरेच जास्त तापते. मोकळ्या हवेशीर चौकटीवर बसवलेल्या पॅनेलसाठी एक सोपा आडाखा आहे : दर १०० वॉट उन्हामागे पॅनेल हवेपेक्षा सुमारे ३ अंशांनी गरम होते.

आता वाळूजचा हिशेब मांडून पाहू. एप्रिलमध्ये भर दुपारी ऊन ९५० वॉट आणि हवा ३९ अंशांवर आहे असे धरले, तर पॅनेल जवळपास ६९ अंशांवर जाते. म्हणजे प्रमाण तापमानापेक्षा ४४ अंश जास्त. दर अंशाला ०.३५ टक्के धरले तर तूट १५ टक्क्यांच्या वर. ५४० वॉटला आधी उन्हाच्या ९५ टक्क्यांनी आणि मग उरलेल्या ८४.६ टक्क्यांनी गुणले की उत्तर येते ४३४ वॉट.

हाच हिशेब डिसेंबरसाठी केला तर गंमत दिसते. दक्षिणेकडे २० अंश कललेल्या पॅनेलवर दुपारी ९०० वॉट ऊन आणि हवा २८ अंश धरली, तर पॅनेल ५६ अंशांच्या आसपास राहते आणि उत्तर येते ४३३ वॉट. ऊन कमी, तरी वीज तेवढीच. एप्रिलमध्ये दिवस मोठा असल्याने दिवसभराची एकूण युनिटे जास्त भरतात, पण भर दुपारचा कमाल आकडा हिवाळ्यापेक्षा वर जात नाही. कडक उन्हाळा म्हणजे भरघोस वीज, हा समज इथे मोडतो.

सहा पॅनेलचे झाले २६०४ वॉट. त्यातून धूळ, तारा आणि पॅनेलमधल्या बारीकसारीक फरकांसाठी ५ टक्के आणि इन्व्हर्टरसाठी ३ टक्के वजा केले की उरतात २४०० वॉट. अ‍ॅपवर दिसलेला २.४ किलोवॉटचा आकडा तोच. तिथे कुणी फसवलेले नाही.

कारखान्यांच्या छतांवर गणित आणखी बिघडू शकते. पॅनेल पत्र्याला अगदी लागून बसवली असतील तर खालून हवा खेळत नाही आणि पत्र्याची धग वर चढते. मग तीन अंशांचा आडाखा अपुरा पडतो आणि तापमान आणखी वर जाते. म्हणून पत्रा आणि पॅनेल यांत किती जागा सोडणार, हा प्रश्न कोटेशन घेतानाच विचारायला हवा.

टेकडी आणि तिचा माथा

पण ४३४ वॉट पॅनेलमधून आपोआप बाहेर पडतात असेही नाही. विजेची ताकद म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार. पॅनेलमधून किती व्होल्टेजवर वीज ओढायची, हे पॅनेल ठरवत नाही, त्याला जोडलेले यंत्र ठरवते. तिथे चूक झाली तर लख्ख उन्हातही वीज वाया जाते.

समजण्यासाठी प्रमाण परिस्थितीतले ५४० वॉटचे पॅनेल घेऊ. त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या तर सुमारे १३.८५ अँपिअर करंट वाहतो, पण व्होल्टेज शून्य, गुणाकार शून्य. तारा मोकळ्या ठेवल्या तर ४९.५ व्होल्ट दिसतात, पण करंट शून्य. पुन्हा गुणाकार शून्य. या दोन टोकांच्या मध्ये ताकद आधी चढते आणि मग उतरते. २० व्होल्टवर सुमारे २७५ वॉट, ३० व्होल्टवर ४१० वॉट, ४१.६५ व्होल्टवर ५४० वॉट. तिथून पुढे मात्र कडा कोसळावा तशी घसरण : ४५ व्होल्टवर अवघे ४५० वॉट.

कागदावर रेघ काढली तर एका बाजूला सावकाश चढ आणि दुसऱ्या बाजूला उभा उतार असलेली टेकडी दिसते. तिचा माथा म्हणजे कमाल शक्तीचा बिंदू. बारावीच्या गणितात ‘कमाल-किमान’चे धडे शिकलेल्यांना आठवेल की माथ्यावर उतार शून्य असतो. सौरऊर्जेचे सगळे गणित त्या एका जागेच्या शोधात आहे.

ही टेकडी आधीच कागदावर मांडता येते. अभियंते सौर सेलची कल्पना एका साध्या परिपथाने करतात : उन्हातून करंट देणारा स्रोत, त्याला समांतर एक डायोड आणि दोन रोध. त्यात पाच अज्ञात संख्या असतात. कंपनीच्या माहितीपत्रकात टेकडीवरचे तीनच बिंदू दिलेले असतात : दोन्ही टोके आणि माथा. यांतून काढलेली रेघ त्या तिन्ही बिंदूंतून जाईल आणि तापमानाबरोबर नीट बदलेल, अशा पाच संख्या संगणक हळूहळू सुधारत शोधतो. सर्वांत चांगले उत्तर शोधण्याच्या या गणिताला ऑप्टिमायझेशन म्हणतात. संख्या हाती आल्या की कुठल्याही उन्हाला आणि कुठल्याही तापमानाला माथा कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. मोठे प्रकल्प उभारण्याआधी वर्षभराचे उत्पादन असेच काढले जाते.

अंधारीतली वाट

छतावरच्या इन्व्हर्टरपुढे मात्र वेगळा पेच असतो. घरगुती यंत्रणेत ऊन मोजणारे उपकरण बहुधा नसतेच. टेकडीही एका जागी राहत नाही. ढग आला की ती खुजी होते, पॅनेल तापले की माथा डावीकडे सरकतो. इन्व्हर्टरला फक्त आपण उभे आहोत तेवढीच जागा कळते : आत्ताचे व्होल्टेज आणि आत्ताचा करंट.

वाळूजपासून फार लांब नसलेल्या देवगिरीच्या किल्ल्यात अंधारी नावाची काळोखी वाट आहे. उजेड नसेल तर तिथे माणूस पायाने पुढची पायरी चाचपतो. वर जाते आहे असे जाणवले की पुढे, खाली जाते आहे असे वाटले की मागे. इन्व्हर्टरही नेमके हेच करतो. व्होल्टेज थोडे वाढवतो आणि ताकद वाढली का ते पाहतो. वाढली तर त्याच दिशेने आणखी एक पाऊल, घटली तर उलट फिरायचे. दिवसभर हा चढ-उताराचा खेळ अखंड चालू असतो. याला ‘एमपीपीटी’, म्हणजे कमाल बिंदूचा मागोवा, म्हणतात. सोलर पंपाच्या किंवा इन्व्हर्टरच्या जाहिरातीत हीच अक्षरे ठळक छापलेली असतात.

ही साधी पद्धत दोन ठिकाणी फसते. माथ्यावर पोहोचल्यावरही ती थांबत नाही. आजूबाजूला डुलत राहते आणि थोडी वीज सांडते. पाऊल लहान केले तर डुलणे कमी होते, पण ढग सरल्यावर नवा माथा गाठायला वेळ लागतो. दुसरे म्हणजे, पाऊल चुकीच्या दिशेने पडले आणि त्याच क्षणी ऊन वाढले, तर ताकद वाढलेली पाहून इन्व्हर्टर चुकीच्याच दिशेने पुढे जातो. म्हणून सुधारित पद्धतीत करंट आणि व्होल्टेज यांच्या बदलाचे गुणोत्तर तपासले जाते. त्यावरून माथा डावीकडे आहे, उजवीकडे आहे की पायाखालीच आहे, हे कळू शकते. स्वच्छ, स्थिर उन्हात चांगले इन्व्हर्टर उपलब्ध ताकदीच्या ९९ टक्क्यांच्या आसपास पकडतात.

हा मागोवा नसेल तर किती फरक पडतो? गावाकडे पूर्वी १०० वॉटचे पॅनेल साध्या चार्जरमधून थेट १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेले दिसायचे. अशा पॅनेलचा माथा १८ व्होल्टच्या जवळ असतो, पण बॅटरी त्याला खाली साडेबारा व्होल्टवर खेचते. शंभरातले जेमतेम सत्तर वॉट बॅटरीत जातात. पॅनेल तेच, ऊन तेच, तरी तीस वॉट वाया.

एका सावलीने दोन टेकड्या

आतापर्यंत टेकडी एकच होती. गच्चीवरची पाण्याची टाकी, शेजारची नवी इमारत, कारखान्याची चिमणी किंवा वाढलेला कडुलिंब यांची सावली काही पॅनेलवर पडली की चित्र पालटते.

पॅनेल मालिकेत, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेली असतात. सर्वांतून एकच करंट वाहतो. सावलीतले पॅनेल कमी करंट देते आणि बाकीच्यांची वाट अडवते. हा अडथळा टाळायला प्रत्येक पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. ते करंटला बगल देऊन पुढे नेतात. त्यामुळे टेकडी एक न राहता दोन-तीन होतात.

समजा, दहा पॅनेलच्या मालिकेत तीन पॅनेलवर निम्मेच ऊन पडते आहे. आता दोन पर्याय आहेत. तीन पॅनेलना बगल द्यायची आणि उरलेल्या सातांतून पूर्ण करंट घ्यायचा. तेव्हा मालिका सुमारे २८५ व्होल्टवर ३७०० वॉट देते. किंवा दहाही पॅनेल चालू ठेवून निम्म्या करंटवर समाधान मानायचे. तेव्हा साधारण ४५० व्होल्टवर २९०० वॉट मिळतात. पहिली टेकडी उंच, दुसरी बुटकी.

सकाळी इन्व्हर्टर जागा होतो तेव्हा तो बहुधा मोकळ्या तारांच्या व्होल्टेजपासून, म्हणजे वरच्या टोकाकडून खाली येत शोध सुरू करतो. त्या वाटेवर आधी लागते ती बुटकी टेकडी. पायाने चाचपणाऱ्याला तिच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना उतारच लागतो, म्हणून तो तिथेच थांबतो. पलीकडे आणखी उंच माथा आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. सुमारे ८०० वॉट हातचे जातात. रोज दोन तास असे झाले तर महिन्याला जवळपास ४८ युनिटांचा फटका. आणि कुठे काही बिघडल्याची खूण नाही.

यावरचा उपाय दोन तऱ्हांचा. पहिला म्हणजे अधूनमधून सगळा पट्टा झरझर तपासून सर्वांत उंच माथा शोधायचा. अनेक इन्व्हर्टरमध्ये सावलीसाठी अशी सोय असते, पण काहींत ती मुद्दाम चालू करावी लागते. सावलीचे छत असेल तर बसवणाऱ्याकडून एवढे नक्की करून घ्यावे. दुसरा उपाय संशोधकांनी निसर्गाकडून उचलला. समाजमानसशास्त्राचे अभ्यासक जेम्स केनेडी आणि विद्युत अभियंते रसेल एबरहार्ट यांनी १९९५ मध्ये पक्ष्यांच्या थव्यांच्या हालचालींवरून प्रेरणा घेऊन शोधाची एक पद्धत मांडली. एका वाटसरूऐवजी अनेक ‘पक्षी’ टेकड्यांवर सोडायचे. प्रत्येकाने स्वतःला सापडलेली आणि थव्यात कुणालाही सापडलेली सर्वांत उंच जागा लक्षात ठेवून पुढची झेप घ्यायची. एखादा पक्षी बुटक्या टेकडीवर अडकला तरी थवा त्याला उंच टेकडीकडे ओढतो. सावलीतल्या पॅनेलचा माथा शोधण्यासाठी या पद्धतीवर जगभर आणि भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही बरेच काम झाले आहे.

तरीही सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सावली पडणार नाही अशी जागा निवडणे. टाकी आधी हलवावी, पॅनेल मग चढवावीत.

विहिरीवरचा माथा

वाळूज गाव गंगापूर तालुक्यात येते. औद्योगिक वसाहत ओलांडली की शेती सुरू होते आणि तिथे हेच गणित पिकाच्या पाण्याशी जोडलेले आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. या पंपाला बॅटरी नसते. ऊन असेल तेवढे पाणी.

ढग आला आणि पंप पूर्वीच्याच वेगाने वीज ओढत राहिला, तर पॅनेलचे व्होल्टेज कोसळून पंप बंद पडेल. म्हणून कंट्रोलर माथ्याचा मागोवा घेत मोटरचा वेग कमी-जास्त करतो. धार बारीक होते, पण पाणी येत राहते. सकाळी आठला पंप सुरू होतो की नऊला, हे पॅनेलच्या संख्येइतकेच या शोधावर आणि काचेवर साचलेल्या धुळीवरही ठरते.

दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगावी उभे राहणारे सौर प्रकल्प हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला.

घरच्या घरी अंदाज

अंदाजाचा खरा उपयोग बिघाड पकडण्यासाठी. मुंबईच्या आयआयटीतील राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्राने २०१३पासून देशभरातल्या पॅनेलची पाहणी केली. उष्ण हवामानात पॅनेल लवकर थकतात आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा लहान, छतावरच्या यंत्रणांची अवस्था अधिक वाईट असते, असे त्यांत दिसले. मोठ्या प्रकल्पावर पगारी माणूस लक्ष ठेवतो. घरावर मालकालाच ठेवावे लागते. त्यासाठी एवढे पुरे :

१. आकाश निरभ्र असताना साडेबाराच्या सुमारास अ‍ॅपवरचा आकडा पाहावा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आणि वाळूज सुमारे ७५.२ अंशांवर, त्यामुळे इथे सूर्य माध्यान्हीला येतो तो साधारण साडेबारालाच.

२. हवेच्या तापमानात ३० अंश मिळवावेत. त्यातून २५ वजा करून उरलेल्या आकड्याला ०.३५ ने गुणावे. ही उष्णतेची टक्केवारीतली तूट. ऊन, धूळ आणि इन्व्हर्टर मिळून आणखी १० ते १५ टक्के धरावेत.

३. उत्तर आणि अ‍ॅपवरचा आकडा यांत पाच-सात टक्क्यांचा फरक असेल तर काळजी नको. वीस टक्क्यांहून जास्त असेल तर आधी पॅनेल धुवावीत, मग सावली पाहावी आणि तरीही फरक राहिला तर तंत्रज्ञाला बोलवावे. हमीची मुदत चालू असताना तारखेसह टिपलेला आकडा हातात असला की वाद घालावा लागत नाही.

४. महिन्याचा हिशेब ठेवावा. १ किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिटे येतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

पॅनेल सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर धुवावीत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले तर लगेच पुसून घ्यावे, नाहीतर पांढरे डाग काचेवर बसतात. आणि जोडण्यांना हात लावू नये. ऊन आहे तोवर पॅनेलचे बटण बंद होत नाही; मालिकेतले शेकडो व्होल्ट जिवावर बेतू शकतात.

पॅनेल विकत घेताना सगळे प्रति वॉट दराची घासाघीस करतात. पण त्या वॉटांपैकी किती हाती येणार हे ठरते तापमानावर, सावलीवर आणि माथा शोधणाऱ्या यंत्रावर. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा : ‘एप्रिलमध्ये भर दुपारी, माझ्या छतावर, किती?’ ज्याने हिशेब केला आहे, त्याला कागदावर उत्तर लिहून देता येईल.